सेटिंगची फाइल नीट वाचायला मुलांना शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे दिवस आले की तुमच्या पेपरात कुठली ब्रँच घ्यावी, एआयला किती स्कोप आहे, कुठलं कॉलेज बरं यावर भरपूर छापून येतं आणि ते हवंच. मला मात्र एका बारीक दिसणाऱ्या गोष्टीवर लिहायचंय. कुठल्याही प्रोग्रामला लागणाऱ्या सेटिंग्ज एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या असतात, प्रोग्राम सुरू होताना ती फाइल वाचतो, त्यातल्या व्हॅल्यू सी या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या स्ट्रक्चरमध्ये भरतो आणि मग दिवसभर जे काही करायचं ते त्या स्ट्रक्चरमध्ये बघून करतो. काम एवढंच. पण आपल्या पुण्यातल्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना हे धड जमत नाही कारण ते त्यांना कोणी बसवून शिकवलेलंच नसतं, आणि त्याचा त्रास ज्यांनी सी चं नावही ऐकलेलं नाही अशा लोकांना होतो.

मी भोसरीला एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिते, सगळं सी मध्ये. आमच्याकडे इंटर्न म्हणून येणारी पोरं हुशार असतात, पायथन छान येतं, लिंक्ड लिस्ट झोपेत उलटी करून दाखवतील. स्ट्रक्चर म्हणजे काय विचारलं की रोल नंबर, नाव, मार्क असं स्टुडंटचं स्ट्रक्चर लगेच लिहून दाखवतात, कारण पहिल्या वर्षी तेवढंच केलेलं असतं, कीबोर्डवरून पाच विद्यार्थ्यांची माहिती घ्या आणि छापा. मग मी त्यांना म्हणते की ही बघ सेटिंगची फाइल, हिच्यात बारा-पंधरा ओळी आहेत, ही वाचून स्ट्रक्चरमध्ये भर आणि चुकीची फाइल दिली तर मला नीट सांग काय चुकलंय. तिथे गाडी अडते.

सी न शिकलेल्या वाचकांसाठी सांगते, स्ट्रक्चर म्हणजे बँकेत पैसे भरायच्या स्लिपसारखं असतं, ठरलेले रकाने, प्रत्येक रकान्यात काय भरायचं ते ठरलेलं, आणि सगळं मिळून एकच कागद. सी ही भाषा १९७२ च्या आसपास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी केली, आणि त्याच वर्षी केन थॉम्पसन यांनी युनिक्स ही सिस्टीम सी मध्ये लिहायचा थोडा प्रयत्न करून सोडून दिला होता, तेव्हा भाषेत स्ट्रक्चर नव्हतं. १९७३ मध्ये स्ट्रक्चर आलं आणि त्याच वर्षी युनिक्सचा गाभा सी मध्ये लिहून झाला. म्हणजे स्ट्रक्चर ही परीक्षेत पाच मार्काला विचारायची गोष्ट नाहीये हो, त्याच्याशिवाय एवढं मोठं काम या भाषेत उभंच राहत नव्हतं.

आता चुकतं कुठे ते सांगते. फाइलमधून जे येतं ते सगळं अक्षरं असतात, आकडासुद्धा अक्षरांतच लिहिलेला असतो, त्याचा खरा आकडा करून रकान्यात भरायचा असतो. मुलं त्याला एटुआय हे सी मधलं तयार फंक्शन वापरतात कारण पुस्तकात तेच आहे. एटुआयला "80" दिलं तर ८० येतात, "80अबक" दिलं तरी ८० येतात, नुसतं "अबक" दिलं तर शून्य येतो आणि खरोखरचा शून्य लिहिला तरी शून्यच येतो, म्हणजे चूक झाली का कुणी मुद्दाम शून्य टाकलाय हे कळायला काहीही मार्ग नाही. आपल्याकडे तर कोणी मराठी कीबोर्ड चालू असताना देवनागरीत ८ टाईप केला तरी शून्यच येणार, कारण सी च्या या फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत. त्यापेक्षा बरं फंक्शन आहे, स्ट्रटोल, ते आकडा वाचून कुठे थांबलं ते सांगतं, आकडा फार मोठा असेल तर तेही सांगतं. पण सांगतं म्हणजे तुम्ही विचारलं तर सांगतं.

आमच्या सोसायटीत हेच झालं. खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवायच्या पंपाला एक कंट्रोलर बसवलेला होता, छोटा लिनक्सचा बोर्ड, त्यात टेक्स्ट फाइलमध्ये पंप किती वाजता सुरू करायचा ते लिहिलेलं. आधी तिथे 07 होतं आणि व्यवस्थित चालत होतं. मग कॉर्पोरेशनच्या पाण्याची वेळ पुढे गेली म्हणून सर्व्हिसला आलेल्या माणसाने 07 चं 08 केलं आणि गेला. त्या रात्री बारा वाजता पंप सुरू झाला, खालची टाकी जवळजवळ रिकामी, पंप कोरडा चालला आणि मोटर जळली. दोन दिवस टँकर. सगळे त्या सर्व्हिसवाल्या पोराला बोलले, आणि त्याने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं.

झालं असं की स्ट्रटोलला आकडा कुठल्या बेसमध्ये, म्हणजे किती अंकांच्या पद्धतीत, वाचायचा ते सांगावं लागतं. दहा सांगितलं तर आपला नेहमीचा आकडा. शून्य सांगितलं तर फंक्शन स्वतः ठरवतं, आणि लिहिणारे बऱ्याचदा शून्य देतात म्हणजे हेक्समधले, सोळाच्या बेसचे आकडेही फाइलमध्ये टाकता येतात. पण मग पुढे शून्य असलेला आकडा ते ऑक्टल, म्हणजे आठच्या बेसचा समजतं, आणि ऑक्टलमध्ये अंक फक्त ० ते ७. त्यामुळे 07 चे सात बरोबर येतात, 08 मध्ये ते शून्य वाचतं, 8 दिसला की थांबतं आणि उत्तर शून्य देतं. शून्य म्हणजे रात्रीचे बारा. फंक्शन कुठे थांबलं ते त्याने सांगितलेलं होतं, फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते पाहिलंच नव्हतं. एक ओळ जास्त लिहिली असती तर कंट्रोलर म्हणाला असता की अमुक ओळीत आकडा कळत नाही, आणि तो पोरगा जिना उतरायच्या आत परत वर आला असता. बनवणाऱ्या कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण असा कोड मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की एकाच कंपनीला धरून काही होणार नाही.

रकान्याचा साइज हा दुसरा मोठा विषय आहे आणि तो आपल्या भाषेला जास्त लागतो. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, देवनागरीत यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, आणि चिन्ह म्हणजे वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा. मुलं बिनधास्त ३२ बाइटचा ॲरे, म्हणजे सलग जागा, घेतात, नावाला एवढं पुष्कळ झालं म्हणून. पिंपरी-चिंचवड मोजून बघा, बारा चिन्हांचे छत्तीस आणि मधल्या रेघेचा एक, सदतीस बाइट झाले. साध्या स्ट्रकॉपीने भरलं तर उरलेले बाइट पुढच्या रकान्यावर सांडतात, तिथे किती वेळ वाट बघायची तो टाइमआउट असला तर तो गेला, आणि प्रोग्राम बिघडतो भलत्याच ठिकाणी त्यामुळे शोधायला जन्म जातो. एसएनप्रिंटएफने भरलं तर ते ३१ बाइट भरून शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्य ठेवतं, म्हणजे सांडत नाही, पण स्क्रीनवर येतं पिंपरी-चिंच. स्ट्रएनकॉपी तर अजून वाईट, ते ३२ च्या ३२ बाइट भरतं आणि शेवटचा शून्य ठेवतच नाही, वर व चा एक तुटका बाइट लटकत राहतो. बरं, एसएनप्रिंटएफ परत देताना सांगतं की मला खरं तर सदतीस बाइट लागले असते. ते बघायचं आणि सांगायचं की नाव मोठं आहे, मावत नाही, बस. यात अवघड काय आहे? काहीही नाही. सवय नाही एवढंच.

आकड्यांच्या रकान्याचंही तसंच. पोर्ट नंबरला, म्हणजे नेटवर्कवर प्रोग्राम ज्या नंबरवर ऐकतो त्याला, १६ बिटचा रकाना घेतात, बरोबर आहे, कारण पोर्ट ६५५३५ पर्यंतच असतो. कोणी चुकून एक शून्य जास्त मारून 7000 चे 70000 केले तर रकान्यात सत्तर हजार बसत नाहीत, गुंडाळून ४४६४ बसतात. प्रोग्राम छान सुरू होतो, ४४६४ वर ऐकत बसतो, आणि ऑफिसमध्ये सगळे नेटवर्कवाल्याला शिव्या घालत बसतात. म्हणून आकडा आधी मोठ्या रकान्यात घ्यायचा, हद्दीत आहे का बघायचं, मगच छोट्यात ठेवायचा.

अजून एक चूक मी जवळजवळ प्रत्येक नव्या पोराच्या कोडमध्ये बघते आणि ती सापडली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण त्या एका गोष्टीत पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, हे कायमचं डोक्यात बसतं. फाइलची एकेक ओळ तो एकाच बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत वाचतो, स्ट्रटॉकने तुकडे करतो आणि व्हॅल्यूचा पॉइंटर तसाच स्ट्रक्चरमध्ये ठेवून देतो. पुढची ओळ त्याच बफरमध्ये येते. फाइल वाचून संपते तेव्हा स्ट्रक्चरमधले सगळे पॉइंटर त्या एकाच बफरकडे बोट दाखवत असतात आणि त्यात शेवटच्या ओळीचं काहीतरी असतं. सर्व्हरचं नाव, लॉग फाइल, युजर, सगळ्यात तेच किंवा त्याचा अर्धा तुकडा. कॉपी करून ठेवायला हवं होतं, स्ट्रडुपने, आणि मग ती मेमरी मोकळी कोण करणार हेही ठरवायला हवं होतं. हे शिकवायला सेटिंगच्या फाइलइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, स्टुडंटचं स्ट्रक्चर शंभरदा लिहून ते कळत नाही.

बाकी छोट्या गोष्टी पटापट सांगते. एफगेट्स ओळीच्या शेवटचा न्यूलाइन ठेवतं, तो काढावा लागतो, आणि विंडोजवर फाइल एडिट केली असेल तर त्याच्या आधी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं, तेही काढावं लागतं, नाहीतर सर्व्हरचं नाव डोळ्याला बरोबर दिसतं आणि जोडणी होत नाही. नोटपॅडमधून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला कधी कधी तीन बाइटचं न दिसणारं चिन्ह बसतं, मग फक्त पहिल्याच ओळीचं सेटिंग लागू होत नाही आणि माणूस वेडा होतो. ओळ पहिल्या बरोबरच्या चिन्हावर तोडायची, शेवटच्या नाही, कारण पासवर्डमध्ये बरोबरचं चिन्ह असू शकतं. ऑन, ट्रू, येस यातलं काय चालेल ते ठरवायचं आणि बाकी कशालाही मुकाट्याने ऑफ समजायचं नाही. आणि इसस्पेस वगैरे फंक्शनला अक्षर देताना ते अनसाइन्ड करून द्यायचं, मराठी अक्षरांचे बाइट बऱ्याच मशीनवर निगेटिव्ह धरले जातात आणि मग काय होईल याची स्टँडर्ड हमी देत नाही. मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे महत्त्वाचं आहे.

हे सगळं मोठ्या प्रोजेक्टमध्ये कसं करतात ते उघड्यावर आहे, कोणीही वाचू शकतं, तरी वर्गात ते कोणी उघडत नाही याचं मला फार वाईट वाटतं. ओपनएसएसएच घ्या, दूरच्या मशीनवर लॉगिन करायला जगभर वापरतात ते. त्यात सर्व्हरच्या सगळ्या सेटिंग्जचं एक मोठं स्ट्रक्चर आहे आणि फाइल वाचायच्या आधी त्यातले आकड्यांचे रकाने उणे एकने भरतात. उणे एक म्हणजे अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मग फाइल वाचतात, आणि शेवटी जे रकाने उणे एकच राहिले त्यात डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवलेली व्हॅल्यू घालतात. यामुळे माणसाने शून्य लिहिला आणि माणसाने काहीच लिहिलं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या राहतात. आणि फाइलमध्ये अनोळखी शब्द आला तर फाइलचं नाव आणि ओळ नंबर सांगून तो सर्व्हर सुरू व्हायलाच नकार देतो. आपल्याकडे उलटं, स्पेलिंग चुकलं की ती ओळ गपचूप सोडून द्यायची आणि डिफॉल्टवर चालायचं. माणसाला वाटतं मी टाइमआउट बदललाय, मशीनला त्याचा पत्ताच नाही.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये अजून एक सुंदर गोष्ट आहे. तिथे इफ-एल्सची लांबच लांब शेपटी लिहिलेली नाही, एक तक्ता आहे, प्रत्येक सेटिंगचं नाव, ते वाचणारं फंक्शन, आणि स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून तो रकाना किती बाइटवर आहे तो आकडा. हा आकडा सी मधलं ऑफसेटऑफ देतं, ते १९८९ च्या स्टँडर्डपासून भाषेत आहे. नवीन सेटिंग वाढवायचं तर स्ट्रक्चरमध्ये एक रकाना आणि तक्त्यात एक ओळ, झालं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या तक्त्यात तर डिफॉल्ट, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती हेही त्याच ओळीत असतं, आणि फाइलमध्ये वेळ लिहिताना सेकंद का मिलिसेकंद ते लिहिता येतं. आमच्या पंपाच्या कंट्रोलरला असा तक्ता असता तर तास या सेटिंगच्या ओळीत ० ते २३ लिहिलं असतं. आता कोणी म्हणेल की 08 चा शून्य तर त्या हद्दीत बसतोच की, बरोबर आहे, म्हणून तर आधी अख्खा शब्द आकडा म्हणून वाचला गेला का ते बघायचं आणि मग हद्द, दोन्ही लागतं, एकाने भागत नाही.

एनजिनएक्सला चालू असतानाच नवीन फाइल घ्यायला सांगता येतं. तो आधी नवीन फाइल पूर्ण वाचून तपासतो, चुकली असेल तर जुन्याच सेटिंगवर चालत राहतो. हेच आपणही करू शकतो, जुन्या स्ट्रक्चरला हात न लावता नवीन स्ट्रक्चर बाजूला भरायचं, सगळं ठीक असेल तरच पॉइंटर बदलायचा. चालू स्ट्रक्चरमध्येच एकेक रकाना बदलत गेलं आणि सातव्या ओळीत चूक निघाली की अर्ध्या सेटिंग्ज नव्या आणि अर्ध्या जुन्या, आणि त्या अवस्थेत मशीन चालू.

एफराइटने अख्खं स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलमध्ये ओतणारेही खूप आहेत, आमच्या भोसरी-चाकणकडे तर फारच, कारण दोन ओळींत काम होतं. आजच्या आज चालतं ते. उद्या मध्ये एक रकाना वाढवला की जुनी फाइल एक घर सरकून वाचली जाते, आणि ३२ बिटच्या बोर्डवरून ६४ बिटच्या लिनक्सवर गेलं की लाँग चार बाइटचा आठ होतो, रकान्यांच्या मधली रिकामी जागा बदलते. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर फाइलच नसते, ईईपीरॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, स्ट्रक्चर असंच ठेवावं लागतं हे मला मान्य आहे, मी स्वतः तेच करते, पण मग सुरुवातीला व्हर्जन नंबर आणि साइज, शेवटी सीआरसी, म्हणजे माहिती बिघडली का ते कळायचा तपासणीचा आकडा, आणि दोन कॉप्या, कारण लिहिता लिहिता लाइट जाते. चाकणला काम केलेल्या कोणालाही विचारा लाइट किती वेळा जाते. लिनक्सवर असाल तर वेगळ्या नावाने फाइल लिहा, एफसिंक करून ती डिस्कवर खरंच उतरवा, मग रीनेम करा, म्हणजे लाइट कधीही गेली तरी जुनी पूर्ण फाइल किंवा नवीन पूर्ण फाइल यातलं एक हातात राहतं.

तर माझी विनंती आहे ती कॉलेजांना. पुण्यात सीओईपी १८५४ पासून आहे, सीडॅक १९८८ पासून आहे, परम संगणक इथे झाला, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी संस्था इथे आहे, आणि चाकण-भोसरीत मशीन बनवणाऱ्यांची रांग आहे. अशा शहरात पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला या विषयाचं एक प्रॅक्टिकल ठेवायला काय हरकत आहे? मुलांना एक स्ट्रक्चर, एक तक्ता आणि एक फाइल वाचणारं फंक्शन लिहायला सांगा. आणि मार्क द्या ते चुकीच्या फाइलवर. बरोबर फाइल कोणाचाही प्रोग्राम वाचतो. रिकामी फाइल, अर्धी ओळ, 08, सत्तर हजार, देवनागरी आकडा, एकच सेटिंग दोनदा, न मावणारं नाव, हे देऊन बघा आणि ओळ नंबरसकट स्वच्छ भाषेत चूक सांगितली तर पूर्ण मार्क. मेमरी नीट मोकळी झाली का ते व्हॅलग्राइंड या तपासणीच्या प्रोग्रामने बघा. याला पैसे लागत नाहीत, सी चा कंपायलर जीसीसी फुकट आहे, लॅबमधले जुने पीसी चालतात.

दुसरी विनंती सोसायटीच्या कमिट्यांना आणि छोट्या वर्कशॉपवाल्यांना आहे, जे पंपाचे, लिफ्टचे, गेटचे, मशीनचे कंट्रोलर विकत घेतात. घेताना विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. सेटिंग चुकीचं टाकलं तर हे मशीन सांगतं का, आणि सुरू न करता नुसती फाइल तपासायची सोय आहे का. ओपनएसएसएच आणि एनजिनएक्स दोन्हींत अशी सोय आहे, एक छोटा टी लिहिला की फाइल तपासून सांगतात. विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर ते तुमच्या समोर एक चुकीचा आकडा टाकून दाखवायला सांगा, पैसे द्यायच्या आधी.

तुमच्या शिक्षणाच्या पानावर या विषयावर एखाद्या प्राध्यापकांकडून लिहून घेतलंत तर फार बरं होईल. आणि कुठल्या कॉलेजला हे प्रॅक्टिकल घ्यायचं असेल तर मी शनिवारी दुपारी यायला तयार आहे, माझ्याकडच्या चुकीच्या फाइल्स मी पेनड्राइव्हवर घेऊन येईन, मानधन नको. लॅबमध्ये लिनक्स असलेले पीसी असले की झालं, आणि शक्यतो परीक्षेच्या आधीचा महिना नको, तेव्हा मुलं प्रॅक्टिकलची फाइल पूर्ण करण्यात असतात.

आपली,
कोथरूडची एक वाचक